मडिवाळप्पाची मड्डम

भवानी पेठेत माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्न असो, बारसं असो, निवडणूक असो, कर्णे बांधायला लोक मलाच बोलवायचे. माझं नाव गुरप्पा, पण पेठेत नुसतं 'कर्णेवाला' म्हटलं तरी कुणीही दुकान दाखवायचं. सांगतोय ती गोष्ट मात्र माझी नाही. माझा दोस्त मडिवाळप्पा आणि त्याची बायको गौरम्मा, या दोघांची आहे. चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर ती सुरू झाली. माझा त्या गोष्टीशी संबंध एवढाच की ती रेकॉर्ड आधी माझ्या दुकानात आली.

मडिवाळप्पा गिरणीत मागावर होता. सोळाव्या वर्षी अक्कलकोटकडच्या खेड्यातून आला तो थेट मागखात्यात उभा राहिला, आणि पंचवीस वर्षं होऊन गेली तरी तिथंच होता. मागखात्यात शेकडो धोटे एकाच वेळी आदळत असतात. मी एकदा वायरिंगच्या कामाला आत गेलो होतो, तर बाहेर आल्यावर संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात मधमाश्या घोंगावत होत्या. तिथली माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत. ओठ बघतात, हात करतात, आणि त्यांचं भागतं.

सुटीच्या दिवशी मडिवाळप्पा माझ्या दुकानात येऊन बसायचा. वायर गुंडाळायचा, कर्णे पुसायचा. आम्ही घरात कानडी बोलणारी माणसं, बाहेर मराठी. त्याला दोन्हीतलं फारसं काही बोलायला लागायचं नाही, असा गप्प स्वभाव. पण गेल्या चार-पाच वर्षांत तो जरा जास्तच गप्प झाला होता. काही विचारलं तर हसून मान हलवायचा, आणि बऱ्याचदा ती मान भलत्याच ठिकाणी हलायची. लोक म्हणायचे, मडिवाळप्पाला शिष्टपणा आलाय. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला सांगू.

गौरम्मा त्याच्या अगदी उलट. मठातल्या बायकांच्या भजनी मंडळात ती पुढं बसायची. संतांची कानडी वचनं गायची. आवाज असा उंच आणि बारीक की माझा माइक नसला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. त्यांचं लग्नच त्या आवाजामुळं झालेलं. मडिवाळप्पा कुणाच्या तरी लग्नात पंगतीला बसला होता, आत बायका गात होत्या, आणि त्यातला एक आवाज ऐकून त्याच्या हातातला घास हातातच राहिला. घरी गेल्यावर बापाला म्हणाला, ती आवाजाची पोरगी कुणाची ते बघा. चेहरा त्यानं पाहिलाही नव्हता.

लग्नानंतर कितीतरी वर्षं सोमवार चुकला नाही त्याचा. मठात खांबाला टेकून बसायचा आणि बायकोचं गाणं ऐकायचा. मग एका वर्षी तो मधूनच उठून जायला लागला. पुढं यायचाच बंद झाला. घरी ती स्वयंपाक करता करता गुणगुणायला लागली की हा चप्पल घालून बाहेर पडायचा. गौरम्मानं एक-दोनदा विचारलं, काय चुकतंय का माझं? तो म्हणाला, काही नाही, तू गा की. त्यापुढं कुणी कुणाला काही विचारलं नाही. मुलीचं लग्न होऊन ती टेंभुर्णीला गेली, तेव्हापासून तर घरात बोलायला तिसरं माणूसही उरलं नाही.

त्या दिवाळीनंतर रेल्वे लाइनीतले एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब बायकामुलांसह ऑस्ट्रेलियाला निघाले. घरातलं सामान विकायला काढलं होतं. मी त्यांची रेकॉर्डची मशीन घ्यायला गेलो, तर तिच्यासोबत पस्तीस-चाळीस रेकॉर्डही पदरात पडल्या. सगळ्या इंग्रजी. लग्नात वाजवायला त्यांचा काही उपयोग नव्हता. मी निघालो तेव्हा गार्डसाहेबांच्या बाईंनी कपाटातून आणखी एक मोठी रेकॉर्ड काढली. थोडा वेळ हातात धरली, मग ढिगावर ठेवली आणि मोडक्या हिंदीत मला सांगितलं की ही सांभाळून वापरा.

मशीन नीट चालते का ते बघायचं म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानात मी तीच रेकॉर्ड लावली. मडिवाळप्पा कोपऱ्यात वायर गुंडाळत बसला होता. आधी एक जाड, घुमणारा आवाज सुरू झाला, कुणी मोठ्या दोरीला बोटानं छेडावं तसा. मागं कुणीतरी झाडूनं अंगण झाडतंय असा हलका सरसर आवाज. आणि मग ती बाई गायला लागली. बाईचा आवाज म्हणून मी जो काही ऐकला होता त्यात तो कुठंच बसेना. इतका खालचा, जड, जरा घोगरा. घाई नाही. एक ओळ म्हणायची आणि थांबायची, जणू पुढची ओळ म्हणावी की नाही याचा विचार करत होती. मला वाटलं रेकॉर्ड हळू फिरतेय. मी पिन उचलायला हात पुढं केला.

"थांब," मडिवाळप्पा म्हणाला.

वायर तशीच टाकून तो उठला आणि स्पीकरच्या खोक्यासमोर जाऊन खाली बसला. एक बाजू संपेपर्यंत हलला नाही. संपल्यावर म्हणाला, परत लाव. मी परत लावली. तिसऱ्यांदा लावताना मी विचारलं की बाबा, यातलं तुला कळतं तरी काय? तो माझ्याकडं बघून हसला. त्याला असं मोकळं हसताना मी कितीतरी दिवसांनी बघत होतो.

"कळायचं काय त्यात," तो म्हणाला. "बाई गातीय की."

रेकॉर्ड त्याला देऊन टाकली. सोबत माझ्याकडची एक जुनी मशीनही दिली, सुटकेससारखी, झाकणात स्पीकर असलेली. आमच्या शाळेतले इंग्रजीचे आबासाहेब मास्तर दुकानासमोरून चालले होते, त्यांना बोलावून आम्ही पाकिटावरचं वाचून घेतलं. गाणारणीचं नाव कोरा लँगली. मडिवाळप्पा म्हणाला, कोरा म्हणजे आपलं मागावरनं निघालेलं कापड, धुण्याआधीचं? मास्तर हसले आणि म्हणाले, तसंच समज. रेकॉर्डच्या नावाचा अर्थ होता 'दाराजवळची खुर्ची'. ह्या प्रकाराला जॅझ म्हणतात, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, असंही त्यांनी सांगितलं. पाकिटावर फोटो होता. एक धिप्पाड, सावळी बाई लाकडी खुर्चीवर बसलेली, हात मांडीवर, नजर बाजूला.

त्या दिवसापासून मडिवाळप्पा बदलला. पहिली पाळी सुटली की तो कुठं थांबायचा नाही. घरी जाऊन हातपाय धुवायचा, मशीन खाली ठेवायचा, तिच्यासमोर मांडी घालून बसायचा आणि झाकण उघडायचा. आधी एक बाजू, मग दुसरी. रेकॉर्ड पुसायचा ती गौरम्माच्या जुन्या इरकलीच्या मऊ तुकड्यानं. पाकीट भिंतीला टेकवून ठेवायचा. आठ गाणी होती, महिन्याभरात त्याला आठही तोंडपाठ झाली. शब्द नव्हेत, शब्दांचे नुसते आवाज. मागावर उभा असताना तो ती गुणगुणतो असं त्याच्या शेजारच्या मागावरचा माणूस मला सांगायचा. ऐकू काही येत नाही म्हणे, पण ओठ हलताना दिसतात आणि मान डोलते.

पेठेत चेष्टा सुरू झाली. मडिवाळप्पाची मड्डम काय म्हणते, असं लोक विचारायला लागले. त्याचं त्याला काहीच नव्हतं. चेष्टा जिला लागायची तिला लागत होती.

संक्रांतीच्या सुमाराला गौरम्मा दुकानात आली. उभ्या उभ्याच बोलली. मशीन परत न्या म्हणाली. मी विचारलं, काय झालं वैनी? ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बोलायला लागली. म्हणाली, माझं गाणं सुरू झालं की माणूस उठून जातो. मला वाटायचं, वय झालं, गाण्याची आवडच गेली असेल. माझी मीच समजूत घातली होती. आता रोज बघते, त्या बाईपुढं हात जोडून बसल्यासारखे बसतात.

"अण्णा, आवड गेलेली न्हाय," ती म्हणाली. "माझी गेलीय."

मी मडिवाळप्पाशी बोलतो असं तिला सांगितलं. पण काय बोलायचं हे मला सुचत नव्हतं, आणि मी ते पुढं ढकलत राहिलो.

माघात मठात मोठ्या स्वामींच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम होता, सकाळी दहाचा. गौरम्माचं मंडळ गाणार होतं. माझे दोन कर्णे आणि माइक. त्या दिवशी मडिवाळप्पाला गिरणीची सुटी होती, मी त्याला मुद्दाम मदतीला घेतलं. म्हटलं, निदान त्या निमित्तानं तरी बसेल. तो आला. ॲम्प्लिफायरशेजारी, एका कर्ण्याच्या अगदी तोंडाशी बसला. गौरम्मानं त्याला पाहिलं आणि जीव तोडून गायली. बायका डोळे पुसत होत्या. हा मात्र जमिनीकडं बघत होता.

तेवढ्यात कुणाचा तरी पाय लागून माइक कर्ण्याकडं फिरला आणि शिट्टी सुटली. माइक वाकडा झाला की जी कर्कश शिट्टी वाजते ती. कानात सुई घातल्यासारखी. अख्ख्या मठानं कान झाकले. कुणाच्या तरी मांडीवर झोपलेलं मूल किंचाळून उठलं. मी धावत जाऊन बटण पिळलं. आणि वळून बघतो तर मडिवाळप्पा कर्ण्यापासून हातभर अंतरावर तसाच बसलेला, जमिनीकडं बघत. पापणीसुद्धा हलली नव्हती. लोकांनी कानावर हात ठेवलेले दिसले तेव्हा त्यानंही घाईघाईनं आपले हात कानावर नेले.

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. मला कळलं हे त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो आपणहून दुकानात आला. मी दार लोटून घेतलं. मग त्यानं सांगितलं. पाच-सहा वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. आधी चिमण्या गेल्या. मग सायकलच्या घंट्या, मग लहान पोरांचं बोलणं. पुरुषांचा आवाज येतो, तोही अर्धामुर्धा, बाकीचं तो ओठांवरून जुळवायचा. सिनेमाची गाणी लागली की त्याला नुसता ढोलक ऐकू यायचा. आणि गौरम्माचा आवाज आधी लांबून आल्यासारखा झाला, मग चिरकला, आणि एका सोमवारी मठात बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं की आता फक्त तिचं तोंड हलताना दिसतंय.

"तिथं बसवंना मला," तो म्हणाला. "तोंड दिसतंय, गळ्याची शीर दिसतीय, लोक माना हलवायलेत. आणि मला कायच न्हाय. तिच्या आवाजासाठी मी तिला मागणी घातली, गुरप्पा. तिला काय सांगू?"

मी विचारलं, मग ही रेकॉर्ड?

त्यानं छातीवर हात ठेवला. म्हणाला, हिचा आवाज खालनं येतो. त्या जाड तारेच्या बरोबर येतो आणि हितं लागतो. पाच वर्षांत मी बाईमाणसाचं गाणं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तुझ्या दुकानात ती गायला लागली तेव्हा मला वाटलं, आपण अजून आहोत.

मी त्याला परोपरीनं सांगितलं की बायकोला सांग. तो तयार होईना. बहिऱ्याची बायको म्हणून लोक तिची कीव करतील, आणि ती मंडळात गाणं सोडून देईल, अशी त्याला भीती. वर माझ्याकडून त्यानं शपथ घेतली, देवाच्या पिंडीची. मी ती पाळली. आजही मला वाटतं की पाळायला नको होती.

चैत्र लागला. सोलापूरचं ऊन ज्यानं सोसलंय त्याला सांगायला नको. दुपारी पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटते. बायकांची पापड-कुरडयांची गडबड सुरू झाली. एक दिवस मडिवाळप्पा पाळीवर असताना गौरम्मा माळवदावर पत्रा टाकून कुरडया घालायला चढली. खाली येताना तिला ते भिंतीला टेकवलेलं पाकीट दिसलं. तिनंच मला नंतर सांगितलं की तेव्हा डोक्यात काही ठरवलेलं नव्हतं. पाकिटातून रेकॉर्ड काढली, वर नेली, आणि कुरडयांच्या ओळीत पत्र्यावर ठेवून दिली. मग खाली येऊन भांडी घासत बसली.

मडिवाळप्पा घरी आला, हातपाय धुतले, पाकीट उचललं तर ते हलकं लागलं. त्यानं विचारलं. तिनं वर बोट केलं. तो वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. शेवटी तीच वर गेली. तो तापलेल्या माळवदावर अनवाणी बसला होता. मांडीवर रेकॉर्ड, पापडासारखी वाकडी झालेली, कडा लाटेसारख्या वर आलेल्या. तो ओरडला नाही. रडत होता. इतक्या वर्षांच्या संसारात, सासरा गेला तेव्हासुद्धा, तिनं त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

तिला आणखी राग आला. एका परक्या बाईसाठी रडता, असं ती म्हणाली. तो तिच्याकडं पाठ करून बसला होता, म्हणून ओठ दिसत नव्हते, म्हणून त्याला काहीच कळलं नाही. तिनं दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. उत्तर येईना तेव्हा तिनं खांदा धरून त्याला फिरवलं. तो दचकला. ती मागं उभी आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

गौरम्मा मला म्हणाली, अण्णा, ते दचकले तेव्हाच मला सगळं समजलं. पुढं त्यांनी सांगितलं ते नुसतं ऐकून घेतलं.

दोघं उन्हातच बसून राहिले. कुरडया कावळ्यांनी नेल्या.

दोन दिवसांनी ती दुकानात आली. रेकॉर्ड इरकलीच्या तुकड्यात गुंडाळलेली. ही सरळ होते का, असं तिनं विचारलं. मी शपथेचं सांगून माफी मागितली. ती म्हणाली, तुमचा दोष न्हाय, त्यांचा पण न्हाय, पण मला पाच वर्षं वाटत होतं की माझा गळा गेला.

मी खिडकीच्या दोन काचा काढल्या, त्यांच्यात रेकॉर्ड ठेवली, वर जुना ट्रान्स्फॉर्मर ठेवला आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ते सगळं मांडून ठेवलं. आठवडाभर रोज. पुष्कळशी सरळ झाली. कडेची दोन गाणी कायमची गेली, तिथं पिन उडायची. आतली सहा वाजत होती, मधूनमधून आवाज हेलकावे खायचा, पण वाजत होती.

चालते का बघायला मी ती लावली तेव्हा गौरम्मा स्टुलावर बसली होती. इतके महिने घरात रोज वाजलेली ती रेकॉर्ड तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली असं म्हणायला हरकत नाही. पाकीट मांडीवर घेऊन त्या फोटोकडं बघत होती. मला वाटायचं गोरी मड्डम असेल, ती म्हणाली. ही तर आपल्यासारखीच हाय की, घरचं आवरून बसल्यावानी. मग विचारलं, ती काय म्हणतीय? आबासाहेब मास्तरांनी मागं मला एका गाण्याचा अर्थ सांगितला होता तेवढा मी सांगितला. ती म्हणतेय, दाराजवळ खुर्ची टाकून बसले आहे, तुला उशीर होणार हे मला माहीत आहे. गौरम्मानं मान डोलावली आणि ते गाणं परत लावायला सांगितलं.

तीनदा ऐकून झाल्यावर ती उठली. कोपऱ्यात माझी पेटी होती. तिच्यावर बोटं फिरवत तिनं त्या बाईचा सूर शोधला. तो सापडला तेव्हा स्वतःच चकित होऊन माझ्याकडं बघितलं. ती गात होती त्याच्यापासून तो सूर पार खाली होता.

"इतक्या खाली बाईमाणसाला गाता येतं?" तिनं विचारलं.

"ही गातीय की," मी म्हटलं.

त्या वर्षी जूनच्या शेवटी आणीबाणी आली. सभा बंद, मिरवणुका बंद, माझे कर्णे दुकानात धूळ खात पडले. दुपारी काही काम नसायचं. मडिवाळप्पा पाळीवर गेला की गौरम्मा दुकानात यायची, पेटीपुढं बसायची आणि खाली गायला शिकायची. पहिले दिवस वाईट होते. खाली गेलं की आवाजाचा नुसता वारा व्हायचा. जो गळा वर आभाळाला टेकायचा त्याला खाली जमीनच सापडेना. एकदा ती चिडून उठली आणि चार दिवस आली नाही. मंडळातल्या बायकांना कुठून तरी कळलं. सुंदरम्मा म्हणून त्यांच्यातली एक वयानं थोर बाई होती, तिनं गौरम्माला समजावलं की असं रेकून देवानं दिलेला गळा घालवशील. गौरम्मानं ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी परत आली.

हळूहळू त्या वाऱ्यात दाणा यायला लागला. गोड म्हणता येणार नाही. जरा खरबरीत, जड. पण सूर पक्का. घाई करायची नाही हेही ती त्या रेकॉर्डकडूनच शिकली. वचनाची एक ओळ म्हणायची, थांबायचं, मग दुसरी. कर्ण्यांच्या धंद्यात मी हजार गळे ऐकले, पण तसं वचन मी कधी ऐकलं नव्हतं.

श्रावणातल्या एका सोमवारी तिनं मला संध्याकाळी घरी बोलावलं. मडिवाळप्पा मशीनसमोर बसला होता, झाकण उघडायच्या बेतात. तिनं झाकणावर हात ठेवला. त्याच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लावून बसली. आणि त्या लग्नाच्या पंगतीत त्यानं जे वचन ऐकलं होतं तेच म्हणायला लागली, खालच्या पट्टीत.

पहिल्या ओळीला त्याला काही समजलं नसावं. तो तिच्या ओठांकडं बघत होता, सवयीनं. दुसऱ्या ओळीला त्यानं डोळे मिटले. माझा जीव भांड्यात पडला, कारण ओठ न बघता तो ऐकत होता. ती गात राहिली. तिचा आवाज एकदा फाटला, तिनं तो तसाच पुढं नेला. पूर्ण झाल्यावर तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, आलं का?

"निम्मं आलं," मडिवाळप्पा म्हणाला. "निम्मं मला पाठ हाय."

मी तिथून उठलो. चप्पल घालताना मला माझे पाय नीट दिसत नव्हते.

पुढं मी त्याला मोठ्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी सांगितलं की नस गेलीय, औषध नाही, आवाजापासून लांब राहा म्हणजे आहे ते टिकेल. कानात घालायचं यंत्र मुलीनं आणून दिलं, पण त्यात त्याला सगळीकडं मागखातंच ऐकू यायचं, म्हणून ते डब्यात गेलं. वर्षभरानं गिरणीत त्याला घडीखात्यात बदली मिळाली. तिथं कापडाच्या घड्या घालायच्या, गोंगाट कमी. लोकांना त्यानं स्वतःच सांगायला सुरुवात केली की माझ्यासमोर येऊन बोला, मला ऐकू येत नाही. शिष्टपणाची बोलणी आपोआप थांबली. गौरम्मा मठात उंच गायची आणि घरी खाली. मठात तो परत येऊन बसायला लागला. ऐकू काही येत नसे, पण आता तो तिच्याकडं बघत बसायचा आणि ती त्याच्याकडं बघून गायची.

रेकॉर्ड बंद झाली नाही. पाळीवरनं आला की चहा व्हायचा आणि ती वाजायची. बऱ्याचदा गौरम्माच लावायची.

सत्याहत्तर साली मी सामान आणायला मुंबईला गेलो होतो. तिथल्या दोन-तीन मोठ्या दुकानांत कोरा लँगलीची दुसरी रेकॉर्ड मिळते का म्हणून विचारलं. एकानं नावही ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दुकानातला म्हातारा पारशी म्हणाला की तिची ती एकच निघाली असावी, पण तशाच आवाजाची दुसरी एक बाई आहे, ती घेऊन जा. मी घेऊन आलो. मडिवाळप्पानं ती मनापासून ऐकली, दोन्ही बाजू. मग पुसून पाकिटात घातली आणि माझ्या हातात दिली.

"बरी हाय," तो म्हणाला. "पण ही येगळी बाई हाय."

गौरम्मा आतून चहा घेऊन येत होती. तिनं ते ऐकलं. कप माझ्यापुढं ठेवून म्हणाली, अण्णा, आता आणखी आणू नका, दोन बायका पुरेत ह्यांना. हे ती मुद्दाम खालच्या पट्टीत बोलली असावी, कारण मडिवाळप्पा माझ्याआधी हसला.